दुपारचा शॉर्ट

आमच्या टेबलावरच्या मॉडेल रेल्वेची गाडी बोगद्यातून बाहेर आली, लूपच्या शेवटच्या वळणावरून पॉइंटकडे, म्हणजे रूळ दोन वाटांना फुटतात त्या सांध्याकडे, निघाली आणि पुढची चाकं पॉइंटजवळ रुळात मुद्दाम ठेवलेल्या कापावर चढताच टेबलाखालून टक्‌टक्‌टक्‌टक् असा आवाज आला. लगेच रुळांना वीज पुरवणाऱ्या बूस्टरचा लाल दिवा लागला आणि लेआउटवरची तिन्ही इंजिनं जागच्या जागी उभी राहिली. आवाजवालं इंजिन तर अर्ध्या शिट्टीतच गप्प झालं. “बाबा, गेलं परत,” मुलगी पलीकडून म्हणाली. त्या आठवड्यातली ती सहावी वेळ होती, आणि सहाही वेळा गाडी त्याच जागी अडली होती. त्यामुळे दोष त्याच जागी असणार याबद्दल माझ्या मनात तेव्हा जराही शंका नव्हती.

आमचा लेआउट एचओ मापाचा आहे, म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. दोन मुख्य मार्ग, पाच ओळींचं छोटं यार्ड, आणि एका टोकाला गाडी वळून परत यावी म्हणून केलेला रिव्हर्स लूप. लूपचा अर्धा भाग डोंगराखालच्या बोगद्यात जातो. नियंत्रण डीसीसीचं, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलचं, ५ अँपिअरचा एक बूस्टर. जुन्या पद्धतीत रुळांवरचा विजेचा दाब (व्होल्टेज) कमीजास्त करून गाडीचा वेग ठरवत. डीसीसीत रुळांवर कायम पूर्ण दाब असतो, माझ्याकडे १५ व्होल्टच्या आसपास, आणि त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटत राहते. प्रत्येक दिशा किती वेळ टिकली यातच संदेश असतो: ५८ मायक्रोसेकंद टिकली तर १, शंभर किंवा त्याहून जास्त टिकली तर ०. इंजिनातला डीकोडर तो संदेश वाचतो आणि आपल्या नंबरचा असेल तरच हलतो. म्हणजे वीजही त्याच दोन रुळांतून आणि हुकूमही त्याच दोन रुळांतून. कुठेही शॉर्ट झाला की सगळा गाव एकदम अंधारात जातो, आणि शॉर्ट नेमका कुठे झाला हे कोणी सांगत नाही.

रिव्हर्स लूपचं थोडं समजावून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गाडी लूपमध्ये शिरते, वळते आणि त्याच पॉइंटवर परत येते, तेव्हा डावा रूळ उजव्याला येऊन भिडतो. तो थेट शॉर्टच. म्हणून लूपचा तुकडा दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांवर कापून वेगळा करायचा. असे चार काप. या वेगळ्या तुकड्याला वीज ऑटो रिव्हर्सरमधून द्यायची. चाकं कापावरून जाताना दोन्ही बाजूंची पोलॅरिटी जुळत नसेल तर क्षणभर शॉर्ट होतो, रिव्हर्सरला तो कळतो आणि तो लूपच्या तारा उलटवतो. डीसीसीत इंजिनाची दिशा डीकोडर ठरवतो, रुळांची पोलॅरिटी नाही, त्यामुळे गाडी न अडखळता निघून जाते. माझ्या रिव्हर्सरमध्ये रिले, म्हणजे विजेने पलटणारा स्विच, आहे, म्हणून प्रत्येक वेळी टेबलाखाली एक टक् ऐकू येतो. वेगळा केलेला तुकडा तुमच्या सगळ्यात लांब गाडीएवढा तरी हवा. माझा ३.६ मीटरचा आहे. त्याचं उजवं टोक पॉइंटला लागूनच आहे, डावं टोक बोगद्याच्या तोंडाशी, वीतभर आत.

शॉर्टच्या आधी या लूपने मला दुसरा त्रास दिला होता, आणि तो सांगितल्याशिवाय शॉर्टची गोष्ट पुरी होत नाही. लेआउट बांधला थंडीत. रूळ टाकले, गाड्या फिरवल्या, सगळं सुरळीत. मग रुळांमध्ये खडी पसरली आणि नेहमीप्रमाणे पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदाने ती बसवली. त्यानंतर महिन्याभरात बोगद्याच्या बाजूला गाड्या मंदावू लागल्या. डब्यांतले दिवे फिके पडायचे, आवाजवालं इंजिन मध्येच बंद होऊन पुन्हा स्टार्ट व्हायचं. रूळ पुसून बघितले, चाकं पुसून बघितली. फरक नाही. मल्टिमीटर लावला तर बोगद्यापाशीसुद्धा १४.८ व्होल्ट, बूस्टरवर होते तेवढेच.

इथे साधा मल्टिमीटर दोन प्रकारे फसवतो. एक तर त्याची एसी रेंज ५० हर्ट्झच्या आसपासच्या साइन वेव्हसाठी असते आणि डीसीसी चौकोनी ठोक्यांची, पाच ते साडेआठ किलोहर्ट्झची. त्यामुळे आकडा खरा मानायचा नाही, फक्त दोन जागांची तुलना करायची. दुसरं जास्त महत्त्वाचं: मीटर स्वतः जवळपास करंटच घेत नाही. करंट नाही तर वाटेत रोध कितीही असला तरी दाब घटत नाही. म्हणून मी गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब आणला, त्याला दोन तारा आणि क्लिपा लावल्या आणि तो रुळांवर पेटवून शेजारी मीटर धरला. बूस्टरजवळ १४.५. यार्डात १४.२. लूपच्या उजव्या टोकाला १४. पुढे प्रत्येक जोड ओलांडला की आकडा खाली, आणि बोगद्याच्या तोंडाशी ९.३. बल्बसुद्धा पिवळट झाला होता. मोजमाप असं डोळ्यांना दिसलं की जो आनंद होतो, तो मला त्या दिवशी झाला.

मग नाण्याची परीक्षा घेतली. दोन्ही रुळांवर नाणं आडवं ठेवायचं. बूस्टर झटकन ट्रिप झाला पाहिजे. परीक्षेपुरता रिव्हर्सर बाजूला काढला आणि लूप थेट बसला, म्हणजे बूस्टरपासून टेबलाखालून फिरणाऱ्या मुख्य तारांना, जोडला. उजव्या टोकाला मुलीने नाणं ठेवलं, बूस्टर लगेच ट्रिप झाला. बोगद्याशी ठेवलं, तर काहीच नाही. लाल दिवा लागला नाही, रुळांवर वीज तशीच. मी ओरडूनच तिला नाणं काढायला लावलं आणि जोडाला बोट लावलं तर जोड चांगलाच गरम. हिशेब सरळ होता. वाटेत साडेतीन ओहमचा रोध असेल तर १५ व्होल्टला करंट सव्वाचार अँपिअरच्या आसपास थांबतो, आणि माझा बूस्टर पाचला ट्रिप होतो. म्हणजे इंजिन घसरून रूळ आडवे जोडले गेले असते तर साठ-पासष्ट वॅट उष्णता त्या जोडांत आणि इंजिनाच्या चाकांत जिरत राहिली असती, आणि कोणी वीज तोडली नसती. एवढ्यात प्लास्टिकची बोगी वितळते. गाडी मंद चालते ही किरकोळ तक्रार वाटते, पण तिच्या पोटात हे असतं. लेआउट कोणाचाही असो, महिन्यातून एकदा प्रत्येक तुकड्यावर नाणं ठेवून बघा असं मी आता सगळ्यांना कळकळीने सांगतो.

रोध आला कुठून? खडीचा पातळ गोंद जॉइनरच्या आत झिरपला होता. रुळांचे तुकडे जोडणारी ती पत्र्याची छोटी पन्हळ, तिच्यात आणि रुळात गोंदाचा पापुद्रा बसला होता. त्यात लूपचे चार तुकडे आणि वीज फक्त उजव्या टोकाला, म्हणजे बोगद्यापर्यंत जाताना करंट सगळे जोड ओलांडत होता. शिवाय निकेल सिल्व्हरचा रूळ तांब्याइतका चांगला वाहक नसतो, त्याची रोधकता तांब्याच्या दहापटीहून जास्त. खरा उपाय प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःचे फीडर, म्हणजे वीज आणणाऱ्या तारा, देणं हाच होता. पण बोगद्याखाली डोंगराच्या चौकटीचे आडवे बार येतात, तिथे ड्रिल शिरत नाही. म्हणून मी मधल्या तुकड्याला फीडरची एक जोडी दिली आणि सगळे जॉइनर सोल्डर करून टाकले. फ्लक्स लावला, सोल्डरिंग आयर्न जोडाच्या बाहेरच्या बाजूने टेकवलं, सोल्डर आत ओढलं जाताना बघितलं. शेजारचे स्लीपर वितळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवला. सहाच्या सहा जोड चकचकीत झाले. बल्ब लावला, बोगद्याशी १४. नाणं ठेवलं, बूस्टर ट्रिप. वहीत तारीख घालून “लूप झाला” असं लिहिलं.

यानंतर दीड-दोन महिने लूपने काही कुरकुर केली नाही. मग उन्हाळा आला आणि सुरुवातीला सांगितलेला शॉर्ट सुरू झाला.

गाडी नेहमी उजव्या टोकाला अडायची. लूपमधून बाहेर पडताना उजव्या टोकाने निघाली तर तिथे, आणि उलट दिशेने चालवली, उजव्या टोकाने आत शिरायला लावली, तर शिरतानाच तिथे. डाव्या टोकावरून मात्र बिनधास्त जायची. त्यामुळे संशय पॉइंटवर गेला. पॉइंटच्या फ्रॉगजवळ, म्हणजे दोन वाटांचे रूळ एकमेकांना छेदतात तिथे, दोन वेगळ्या पोलॅरिटीचे रूळ केसाच्या अंतरावर येतात आणि चाक रुंद असेल तर त्याची धाव दोन्हींना एकाच वेळी टेकते. तिथे नखांना लावायच्या रंगाचा एक थर दिला. चाकांमधलं अंतर गेजने तपासलं. एका वॅगनचं एक चाक आसावर खरंच आत सरकलं होतं, ते नीट केलं. उजव्या टोकाचे दोन्ही काप पुन्हा चकतीने स्वच्छ केले. पॉइंटच्या मोटरचा स्विच उलट्या वेळी पलटतो का ते बघितलं. शेवटी फ्रॉगची तार पूर्ण सोडवून ठेवली. दोन संध्याकाळी यात गेल्या. प्रत्येक वेळी काम संपवून रात्री गाडी चालवली की ती दहा-दहा फेऱ्या न अडता करायची, मी निश्चिंत होऊन झोपायचो, आणि रविवारी दुपारी मुलीने गाडी सोडली की पुन्हा टक्‌टक्‌टक्‌टक्.

मग ठरवलं की अंदाज बाजूला ठेवायचे आणि लेआउट अर्धा-अर्धा करत जायचं. बसवर चार टर्मिनल पट्ट्या आहेत. दोन सोडायच्या, उरलेल्या अर्ध्यावर शॉर्ट दिसतो का बघायचं, मग त्या अर्ध्याचा अर्धा. चार भाग असतील तर दोन पायऱ्यांत दोषी भाग सापडतो, सोळा असतील तर चार. बूस्टर सारखा ट्रिप होऊ नये म्हणून बसच्या एका तारेत तोच २१ वॅटचा बल्ब ओळीने जोडला. आता शॉर्ट झाला तरी करंट दोन अँपिअरच्या आत राहतो आणि बल्ब लख्ख पेटतो, म्हणजे आपल्याला खोलीत कुठूनही दिसतो. पद्धत उत्तम आहे, मी आजही तीच वापरतो. फक्त त्या रात्री बल्ब एकदाही पेटला नाही. सगळे भाग जोडले, सुटे केले, तारा हलवल्या, टेबलाला खालून बुक्की मारली. बल्ब विझलेलाच. वीज बंद करून, सगळी इंजिनं आणि डबे उचलून मीटरने एका रुळावरून दुसऱ्या रुळावर बीप घेतला (दोन जागा आतून जोडलेल्या असतील तर मीटर बीप देतो), मुख्य मार्गावर घेतला, लूपवर घेतला. सगळीकडे शांत.

आणि याच रात्री एक इंजिन हलेना. बाकीची दोन चालतात, हे मेलेलं, फक्त हेडलाइट लागतो. वारंवारच्या शॉर्टने डीकोडर जळाला असं वाटून माझ्या पोटात गोळा आला. पिकअपच्या तारा बघितल्या, मोटरला थेट ९ व्होल्टची बॅटरी लावून बघितली, मोटर गोड फिरली. शेवटी डीकोडर वाचण्या-लिहिण्यासाठी ठेवलेल्या प्रोग्रामिंग ट्रॅकवर ठेवून त्याचे सीव्ही, म्हणजे आत साठवलेले सेटिंगचे आकडे, वाचायला घेतले. माझी तिन्ही इंजिनं तीन वेगळ्या कंपन्यांच्या डीकोडरची आहेत आणि तरी हुकूम पाठवणाऱ्या एकाच कमांड स्टेशनवरून वाचता येतात, कारण जर्मनीत बर्न्ड लेंझ यांच्या कंपनीत घडलेल्या या डीसीसी पद्धतीचं अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने १९९०च्या दशकात सगळ्यांसाठी मानक केलं. वाचण्याची पद्धतही मला फार आवडते: कमांड स्टेशन विचारतं, “अमुक बिट १ आहे का?” उत्तर होकारार्थी असेल तर डीकोडर क्षणभर ६० मिलिअँपिअर जास्त करंट ओढतो, बहुधा मोटरला एक हलका झटका देऊन. इंजिन जागच्या जागी शहारल्यासारखं हलतं, तेच त्याचं “हो”. सीव्ही १, पत्ता, बरोबर. सीव्ही २९ बरोबर. सीव्ही १९ मध्ये मात्र ० ऐवजी १२. आठवड्यापूर्वी दोन इंजिनं जोडून मालगाडी ओढली होती, त्या जोडीचा नंबर तसाच राहिला होता, आणि इंजिन आपल्या स्वतःच्या नंबरावर वेगाचे हुकूम घेतच नव्हतं. १९ मध्ये ० लिहिला आणि ते चालू लागलं. त्यात दीड तास गेला. शॉर्टशी याचा काही संबंध नव्हता, पण इंजिन एकटंच रुसलं असेल तर तारा उपसायच्या आधी सीव्ही १९ बघावा, हे आता माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

वहीनेच पुढे सोडवलं. माझ्याहून कितीतरी आधीपासून हा छंद करणारे एक काका आहेत, त्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “किती वाजता होतो रे?”

“काका, कधीही होतो. नेम नाही.”

“नेम असतो. तू वेळ लिहितोस का?”

लिहीत होतो, पण तारखेबरोबर सवयीने. फोन कानाला तसाच ठेवून पानं उलटली. दुपारी सव्वातीन. दुपारी पावणेतीन. चार. साडेतीन. अकरा वेळा शॉर्ट झाला होता आणि अकराही वेळा दुपारी अडीच ते पाचमध्ये. मी सगळे शोध घेतले होते रात्री, जेवणं झाल्यावर. काका थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “लूपचे जोड तू सोल्डर केलेस ना? सगळे?”

“हो, सगळे.”

“मग काप बघ. दुपारी बघ.”

त्या रविवारी आम्ही गाडी चालवलीच नाही. सकाळी आठला खोलीत २५ अंश होते. सगळी इंजिनं-डबे रुळांवरून उचलले, वीज बंद केली, रिव्हर्सरच्या दोन्ही बाहेर जाणाऱ्या तारा सोडवल्या. ही तार सोडवणं महत्त्वाचं, नाहीतर मीटर रिव्हर्सरच्या आतून वाट काढून बीप देतो आणि आपण फसतो. मग मीटर एका रुळावरून दुसऱ्या रुळावर धरण्याऐवजी कापाच्या अलीकडे-पलीकडे धरला, त्याच रुळावर. चारही काप तपासले. चारही उघडे, बीप नाही. आठ, दहा, बारा, दर दोन तासांनी तेच. मुलगी आकडे लिहीत होती. दोन वाजता ३७ अंश. खिडकीतून ऊन बोगद्याच्या बाजूच्या रुळांवर आलं होतं आणि रूळ हाताला कोमट नाही, गरम लागत होते. उजव्या टोकाचे दोन्ही काप उघडे. डाव्या टोकाचा आतला उघडा. डाव्या टोकाचा बाहेरचा रूळ: बीप.

मी प्रोब काढून पुन्हा टेकवले. बीप. मुलीच्या हातात टॉर्च दिला आणि बोगद्याच्या तोंडातून भिंग घेऊन डोकं आत घातलं. कापाची फट थंडीत चकतीने केली तेव्हा अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त होती, मला आठवतं, नख शिरत होतं. आता तिथे फट नव्हती, एक काळी रेघ होती. रुळाचं डोकं वरच्या बाजूला एकमेकांना टेकलेलं, आणि टेकलेल्या जागी आतल्या कडेला सुईच्या टोकाएवढा एक खड्डा, कडेने निळसर, मध्ये चमकदार. ठिणगीचा डाग. इतके आठवडे मी ज्याला शोधत होतो ते एवढंसं होतं. “दिसलं?” मुलीने विचारलं. तिला भिंग दिलं आणि ती बराच वेळ काही बोललीच नाही.

निकेल सिल्व्हर दर अंशाला मीटरमागे सुमारे १६-१७ मायक्रोमीटर वाढतो. ३.६ मीटर लांब, १५ अंशांचा फरक धरला तरी जवळजवळ ०.९ मिलिमीटर. पूर्वी ही वाढ चार तुकड्यांच्या जॉइनरमध्ये थोडी थोडी जिरत होती, रूळ पन्हळीत सरकायचे आणि कोणाला कळायचंही नाही. मी सगळे जोड सोल्डर करून चार तुकड्यांचा एक अखंड रूळ केला. उजवं टोक पॉइंटने धरून ठेवलेलं, तेव्हा सगळी वाढ डावीकडे ढकलली गेली आणि तिथे फट बुजली. म्हणजे पहिल्या दुरुस्तीनेच दुसरा दोष जन्माला घातला होता. खऱ्या रेल्वेत लांब वेल्ड केलेल्या रुळांना किती ताण सोसावा लागतो आणि तो राखायला किती काळजी घेतात हे मी वाचलेलं होतं. टेबलावरच्या रुळालाही तेच लागू आहे, हे मात्र मनात आलं नव्हतं.

पण मग शॉर्ट उजवीकडे का? हे कागदावर दोन रंगांनी काढल्याशिवाय मला कळलं नाही, तेव्हा शब्दांत सांगायचा प्रयत्न करतो. डाव्या टोकाला बाहेरचा रूळ बुजलेल्या फटीतून मुख्य मार्गाच्या रुळाला जोडला गेला होता. दोन्हीकडे एकच पोलॅरिटी असेल तर त्यात काही बिघडत नाही, लाल तार लाल तारेला टेकली एवढंच. रिव्हर्सर आपण होऊन त्याच स्थितीत येऊन बसायचा, कारण दुसऱ्या स्थितीत त्याला शॉर्ट दिसायचा. म्हणून डाव्या टोकावरून गाडी खुशाल जायची आणि रिकाम्या रुळांवर मीटरला काही सापडायचं नाही. उजव्या टोकाला मात्र मार्ग वळून आलेला, तिथे पोलॅरिटी उलटी हवी. गाडीची चाकं उजव्या कापावर आली की रिव्हर्सर टक् करून तारा उलटवायचा. उलटवल्या की डावीकडच्या बुजलेल्या फटीत लाल काळ्याला भिडायची. त्याला पुन्हा शॉर्ट दिसायचा, तो परत फिरायचा. तर चाकांखाली शॉर्ट. टक्‌टक्‌टक्‌टक्, आणि मग बूस्टर हात टेकायचा. तो आवाज मी पहिल्या दिवसापासून ऐकत होतो. एक टक् म्हणजे रिव्हर्सरने काम केलं. सलग टकटक म्हणजे त्याला दोन्ही स्थितींत शॉर्ट दिसतोय, म्हणजे चाकांखेरीज आणखी एक जोड कुठेतरी आहे. तो आवाज तेवढं सांगत होता.

दुरुस्ती दोन भागांत केली. फट आधी वाढवली, पण गरम दुपारी नाही, संध्याकाळी रूळ निवल्यावर, आणि या वेळी पाऊण मिलिमीटर. तिच्यात पातळ स्टायरीन प्लास्टिकची पट्टी झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या थेंबाने बसवली, वाळल्यावर रुळाच्या आकारात कानशीने घासली आणि वरून काळसर रंग दिला. आता रूळ पुढे आला तरी धातू धातूला भिडणार नाही. उरलेले तीन कापही असेच भरले; ते मी बांधतानाच भरायला हवे होते. पण नुसती पट्टी घालून भागणार नव्हतं, अखंड रूळ उन्हात कुठेतरी ढकलणारच, आणि फट अडवली तर वळणावर बाहेर फुगेल. म्हणून डोंगराची मागची बाजू कापून उघडली आणि जे काम सुरुवातीला टाळलं होतं ते केलं: चारही तुकड्यांना खालून आपापले फीडर. प्रत्येक फीडर वीतभराहून लांब ठेवला नाही आणि थेट जाड बसला जोडला. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यांमधले जोड उलट सोल्डर शोषून मोकळे केले, जुने जॉइनर काढून नवे घातले आणि रुळांच्या टोकांत जाड कागदाच्या जाडीएवढी फट ठेवली. हे जॉइनर आता फक्त रूळ ओळीत धरतात. वीज नेण्याचं काम त्यांच्याकडे नाही, त्यामुळे ते सैल राहिले, त्यांत गोंद गेला तरी चालतं.

पुढच्या रविवारी तीन वाजता खोलीत ३८ अंश होते. आधी बल्ब लावून बोगद्याशी मोजलं, १४.१. नाण्याला बूस्टर लगेच ट्रिप झाला. मग मुलीने लांब मालगाडी सोडली, बारा डबे, आणि आम्ही दोघं टेबलाच्या खाली जाऊन बसलो, रिव्हर्सरजवळ, कारण आम्हाला गाडी बघायची नव्हती, आवाज ऐकायचा होता. गाडी डावीकडून शिरली, काही नाही. बोगद्यातून घरघर करत आली, उजव्या कापावर चढली. एक टक्. बाकी शांत. ती वर बघत म्हणाली, “बाबा, गेली.”

वरच्या शाखामार्गाचेही सगळे जोड मी त्याच थंडीत त्याच उत्साहाने सोल्डर केले आहेत. तिथे लूप नाही म्हणून अजून तक्रार आलेली नाही, पण परवा भिंग लावून बघितलं तर यार्डाकडच्या सेक्शनची फट कागद जाईल एवढीच उरली आहे. सोल्डर शोषणारी वेणी आणि फीडरची तार टेबलावर काढून ठेवली आहे. सहा तुकडे आहेत, बारा फीडर लागतील.